सहावी चिठ्ठी

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांत, वर्षातून एकदा भांडण व्हायचं आणि ते दरवर्षी मीच जिंकायचे. भांडण वाट्यावरून असायचं. आम्ही मेथडिस्ट ख्रिस्ती. आमच्यात कुठलीही मंडळी एकटी नसते, सगळ्यांनी मिळून एक सामाईक निधी चालवायचा आणि प्रत्येकीनं ऐपतीप्रमाणे त्यात आपला वाटा घालायचा. त्यातून नव्या पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, शिक्षण होतं, थकलेल्या पाळकांचं पेन्शन निघतं, दोन वसतिगृहं आणि एक दवाखाना चालतो. मी मंडळीची खजिनदार. वाटा किती ठरला ते चर्चच्या जिल्हा कचेरीकडून कळलं की रविवारच्या उपासनेनंतर मी आकडा वाचून दाखवायचे, आणि घड्याळवाले काका घसा खाकरून उभे राहायचे.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान माझ्या शिवणाच्या दुकानाला लागूनच आहे, त्यामुळे भांडण आठवडाभर आधीच भिंतीपलीकडून सुरू झालेलं असायचं. "आपलं छप्पर गळतंय आणि आपण कुठल्या कुठल्या पोरांना पाळक करायला पैसे पाठवतोय. त्या पोरांची तोंडं तरी पाहिलीत का कोणी?"

"काका, तुमच्या भावाला माती देताना जे पाळकसाहेब उभे होते, त्यांना तुम्ही शिकवलं होतं का?" मी म्हणायचे. "ज्यांनी शिकवलं त्यांनी तरी तुमचं तोंड कुठे पाहिलं होतं? आणि पाहिलं असतं तर दिलेले पैसे परत मागितले असते."

लोक हसायचे, काका बसायचे, वाटा जायचा. एकवीस वर्षांत एकदाही चुकला नाही. मी पहिल्यापासून फटकळ, आणि या एका विषयावर तर माझ्या जिभेला जास्तच धार यायची. देणं म्हणजे काय, आपलं-परकं म्हणजे काय, यावर मी तासभर बोलू शकत असे. आता वाटतं, तोपर्यंत फक्त पैसे द्यायचे होते, म्हणून तोंड एवढं चालत होतं.

मला दोन मुली. थोरली लग्न करून लांब गेली, तिचा फोन येतो. धाकटी माझ्याजवळ. त्यांचे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. धाकटी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते, मोठं दुकान आहे, ठिकठिकाणी शाखा आहेत. पण तिचा जीव त्यात कधीच नव्हता. सात वर्षांची असताना कोणीतरी तिला विचारलं, मोठेपणी कोण होणार? ती म्हणाली, पाळक. सगळे हसले आणि म्हणाले, अगं, पाळकीण होशील म्हणजे. पाळकीण म्हणजे पाळकाची बायको. धाकटी पाय आपटून म्हणाली, "नाही. पाळकच." तेव्हापासून मंडळीत तिचं नाव पाळकीणबाई पडलं. ती चिडायची, मग चिडेनाशी झाली, पण बेत काही सोडला नाही.

आमच्या पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या. ते दर तिसऱ्या रविवारी यायचे. बाकीचे रविवार हळूहळू धाकटीच सांभाळू लागली. ती बोलायला उभी राहिली की मी सुद्धा ऐकत बसायचे, आणि मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. आजाऱ्यांकडे तीच जायची. मंडळीतल्या नर्सबाईंना गुडघ्यामुळे बाहेर पडता येईना, तर दर बुधवारी ही त्यांच्या दारात हजर. काकांची बायको सगळं विसरायला लागली होती, नवऱ्याला ओळखायची नाही, पण धाकटीचा आवाज ऐकला की शांत व्हायची. छप्पर गळायला लागलं तेव्हा शिडीवर चढून पत्र्याला डांबर लावणारी हीच. सोळा माणसांची मंडळी ती, अर्धी तिच्या खांद्यावर उभी होती.

दोन वर्षं तिनं जिल्ह्याचे अभ्यासवर्ग केले, शनिवार-रविवार, कामाचे दिवस सांभाळून. त्याचा खर्च सामाईक निधीतून झाला. मी पाठवलेला वाटा माझ्याच घरी पुस्तकं होऊन आला, असं मी सगळ्यांना सांगत होते. मग एक दिवस ती म्हणाली, "आई, मला पाचारण झालंय. आता अर्ज करते."

पाचारण म्हणजे देवाचं बोलावणं. आमच्यात नुसतं बोलावणं आलं म्हणून कोणाला जाता येत नाही. ज्या मंडळीत तुम्ही वाढलात, तिनं तुम्हाला पाठवावं लागतं. सगळ्यांनी जमायचं, जिल्ह्याचे अधीक्षक येतात, कागदावर गुप्त मतदान होतं, आणि तिघांतल्या दोघांनी हो म्हणावं लागतं. त्यानंतर पुढचं शिक्षण, आणि मग नेमणूक. नेमणूक कुठे, ते बिशप ठरवणार. पाच-सहा वर्षांनी बदली. एक गोष्ट मात्र पक्की, घरच्या मंडळीत सहसा कोणाला नेमत नाहीत. एकदा गेली की ती सगळ्यांची होते.

हे मी इतरांना किती वेळा समजावून सांगितलं होतं.

त्या रविवारी चिठ्ठ्या मीच कापल्या. दुकानातल्या मोठ्या कात्रीनं, पांढऱ्या कागदाच्या, कापडावर कापते तशा सरळ रेघेत. पंधरा. धाकटीला स्वतःला मत नव्हतं. अधीक्षकबाई आल्या होत्या, उंच, शांत, पायात मळलेले बूट. मी विचारलं, "आईनं मत दिलेलं चालतं का?" त्या म्हणाल्या, "सभासद आहात ना? मग चालतं."

धाकटी बाहेर जायला उठली, नियमच होता तसा. जाताना माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "तू दे हं मत. एक कमी पडायला नको." आणि हसली. गंमत करत होती. पडेल अशी शंका कोणालाच नव्हती.

मला तर मुळीच नव्हती. चिठ्ठी गुडघ्यावर ठेवून मी पेन उघडलं आणि माझ्या मनात आलं, चौदा हो असणारच आहेत. माझ्या एकीच्या नाहीनं काय बिघडतं? निदान एका ठिकाणी तरी खरं लिहावं. मला एकटीला राहायची भीती वाटत होती. संध्याकाळी दुकान बंद करून रिकाम्या घराचं कुलूप उघडायचं, दिवा आपणच लावायचा, याची भीती. दुसरं कारण नाही. तिच्या भल्याबिल्याचा विचार मी केलाच नव्हता. मी "नाही" लिहिलं, चिठ्ठीच्या चार घड्या घालून टोपलीत टाकली, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. आता जाऊ दे तिला, असं सुद्धा वाटलं.

अधीक्षकबाई एकेक चिठ्ठी उलगडून वाचत होत्या. हो. हो. नाही. मी मनात म्हटलं, हा माझा. हो. नाही.

हा दुसरा नाही माझा नव्हता. पुढे तिसरा आला, चौथा आला. लोक एकमेकांकडे बघेनात, सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावर बाईंनी पुन्हा एकदा मोजल्या. नऊ हो, सहा नाही. दहा हवे होते.

धाकटीला आत बोलावलं. बाईंनी फार हळुवार सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा नाव देता येईल हेही सांगितलं. धाकटी उभीच होती. तिनं सगळ्यांचे आभार मानले. मग चहाचे कप गोळा करू लागली, कारण दर वेळी तीच करायची, आणि कोणाला उठून तिला थांबवायचं सुचलं नाही. मलाही नाही.

घरी आल्यावर तिनं एकच विचारलं, "सहा जणांना मी नको आहे, आई?"

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा कोणाला आवरत नाही. त्या दिवशी मी भलतंच बोलले. म्हटलं, "लोकांचं काय मनावर घेतेस."

दुसऱ्या दिवसापासून काम सुटलं की ती घरोघर जायला लागली. चौदा माणसं, दहा घरं. दर घरी जाऊन प्रत्येकाला एकच विचारायची, "माझं काही चुकलं का? तुम्ही मत काय दिलं ते नका सांगू. फक्त माझं काही चुकलं असेल तर सांगा, मी सुधारेन." लोक तिला बसायला सांगायचे, खायला द्यायचे, अगं तुझं काय चुकणार म्हणायचे. ती घरी येऊन सांगायची, "कोणीच काही सांगत नाही. म्हणजे इतकं वाईट असेल की सांगवत नसेल." दहा दिवसांत दहा घरं झाली.

मग ते लोक माझ्या दुकानात येऊ लागले.

पहिले घड्याळवाले काका. पॅन्ट घेऊन आले, खालून आखूड करायची म्हणाले. मी उलटून पाहिली, महिन्यापूर्वी मीच आखूड केली होती. "काका, आणखी आखूड केली तर शाळेत जावं लागेल." ते हसले नाहीत. स्टुलावर बसले आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. "माझी एक नाही होती," म्हणाले. "ती गेली तर हिला शांत कोण करणार? मला वाटलं, माझ्या एकट्याच्या मतानं काय होतंय. ती जाणारच आहे, पण मला निदान देवाला कळवू दे. तू तिची आई. मला माफ कर."

माझ्याच डोक्यात आलेले शब्द ते माझ्यासमोर बसून बोलत होते. आणि मी काय केलं? मी चिडले. चक्क आवाज चढवला. "लाज नाही वाटली? तिनं तुमच्यासाठी काय नाही केलं?" काका मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, "जा, केलं माफ." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. पॅन्ट तशीच विसरून गेले.

नर्सबाई रिक्षा करून आल्या, एक बटण लावायला. स्वतः इंजेक्शनं देण्यात हयात घालवलेली बाई, तिला बटण लावता येत नाही होय? त्यांची एक नाही. शाळेतले शिपाई आले आणि म्हणाले बायकोला सांगू नका. दोन दिवसांनी त्यांची बायको आली, म्हणाली नवऱ्याला सांगू नका. दोघांची एकेक नाही, एकाच घरात, एकमेकांना पत्ता नाही. बस चालवणारे दादा आले ते तर काही कपडाही न घेता आले. प्रत्येकाची गोष्ट तीच. ती गेली तर आमचं कसं होणार, आणि माझ्या एकट्याच्या मतानं काय होतंय. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच आहोत.

पाच जण झाले. पाचांना मी माफ केलं. आईच्या हक्कानं. कोणाला झापलं, कोणाला चहा पाजला, एकीला तर जवळ घेतलं. आपली सहावी आहे हे त्यांच्यापैकी एकालाही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथेच सगळे मिळून रडलो असतो, आणि धाकटीकडे गेलो असतो, आणि कदाचित पुढचं काही झालं नसतं. "तिला जाऊन सांगा ना," असंही मी त्यांना म्हटलं नाही. कारण पाच जण पुढे आले की सहावा कोण, हे ती शोधणार होती.

शोध तसाही सुरू झालाच होता. बेकरीवाल्या मावशी मतदानाच्या आधी दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "बाईच्या जातीनं एकटीनं कुठे कुठे नेमणुकीवर राहायचं, मला बाई धडकी भरते." बस, तेवढं पुरलं. मंडळीतल्या कुजबुजीला एक नाव मिळालं. मावशी गाण्याला पेटी वाजवायच्या, लोक आता त्यांच्या पेटीला नीट साथ देईनात. ज्या पाच जणांनी स्वतः नाही लिहिलं होतं, तेही त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले, आपलं ओझं थोडं तिकडे ठेवता आलं तर कोणाला नको असतं. मावशी एका रविवारी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी हो लिहिलंय. देवाशपथ हो लिहिलंय." पुढच्या रविवारपासून त्या आल्या नाहीत. पेटीवर कापड टाकून ठेवलं, ते तसंच राहिलं.

मला माहीत होतं त्या खरं बोलत आहेत. पाच आणि एक सहा. हा हिशेब साऱ्या जगात फक्त मला जमत होता.

धाकटी घरीच राहिली. सहा वाजता कामावरून यायची. आम्ही एकत्र जेवायचो. घरात दिवा लागलेला असायचा. मला जे हवं होतं ते मला मिळालं, असं म्हणायला हरकत नाही. बुधवारी नर्सबाईंकडे जाणं तिनं बंद केलं. रविवारी बोलायला उभी राहीना, मागच्या बाकावर बसू लागली, आणि मग डोकं दुखतंय म्हणून घरी थांबू लागली. एकदा म्हणाली, "मला तिथे बसवत नाही गं. सगळ्यांकडे बघून मी मोजत असते." मी भांडी आवरत होते. आवरलेली भांडी पुन्हा आवरली.

वर्ष सरलं. जिल्ह्याचं पत्र आलं. वाट्याचा आकडा मी वाचून दाखवला. काका उठतील म्हणून मी थांबले. ते उठले नाहीत. सोळापैकी दहा माणसं बसली होती, कोणीच कुरकुरलं नाही, आणि पैसे पहिल्यांदाच भांडणाशिवाय मंजूर झाले. मला तिथेच रडू फुटलं. लोकांना वाटलं, मुलीसाठी रडतेय.

पत्रात दुसऱ्या पानावर विचारलं होतं, पाळकसेवेच्या शिक्षणासाठी तुमच्या मंडळीतर्फे कोणाचं नाव आहे का? तो कागद घेऊन मी घरी आले आणि ठरवलं, आज बास. धाकटी टेबलाशी बसून पाव खात होती. मी समोर बसले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. माझी चिठ्ठी, काकांची, नर्सबाईंची, शिपायांची आणि त्यांच्या बायकोची, दादांची. सगळं. "कोणालाही तू नको नव्हतीस. सगळ्यांना हवी होतीस, म्हणून झालं. आणि त्या सगळ्यांत मी पहिली."

तिनं पाव ताटलीत ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "मावशींना सांगितलंस?"

"नाही."

"वर्षभर?"

मी मान डोलावली.

ती उठली, बूट घातले. मी म्हटलं, "मी येते, मीच सांगते त्यांना." ती म्हणाली, "तू नंतर जा. आत्ता तू गेलीस तर त्यांना तुलाच सावरत बसावं लागेल." आणि गेली. खिडकीतून मी पाहिलं, रस्त्यावरून ती झपाझप चालत होती, पूर्वी कोणी आजारी आहे असं कळलं की चालायची तशी. वर्षभरात पहिल्यांदा. मी ज्या मुलीला पाळक होऊ दिलं नाही, ती पाळकाचं काम करायला चालली होती, आणि मी काचेला कपाळ टेकून उभी होते.

दीड तासानं परत आली. मावशींशी बोलणं झालं, त्या खूप रडल्या, पुढच्या रविवारी येईन म्हणाल्या, एवढंच सांगितलं. मी तो जिल्ह्याचा कागद तिच्यापुढे सरकवला. "पुन्हा नाव दे. सगळे हो म्हणतील. मी उघड्यावर सगळ्यांसमोर लिहीन. तू जा बाळा. कुठेही नेमू देत, मी राहीन एकटी, मला जमेल."

तिनं कागद वाचला. पूर्ण वाचला, अगदी खालच्या बारीक अक्षरापर्यंत, आणि घडी घालून माझ्याकडे परत दिला.

"आता ऐकू येत नाही, आई."

मला कळलं नाही. म्हटलं, "काय?"

"बोलावणं. मतदानानंतर काही महिने येत होतं. मी म्हणायचे, सहा जण नाही म्हणताहेत, मी कशी येऊ? मग कमी कमी होत गेलं. डिसेंबरपासून काहीच नाही." ती हे सांगत होती ते रागानं नाही. डोळे तपासताना पेशंटला सांगते, तशा आवाजात. "खोटं नाव कसं देऊ?"

"परत येईल," मी म्हटलं. "येईल की नाही?"

"येईलही," ती म्हणाली. मग म्हणाली की दुकानाच्या दुसऱ्या शाखेत जागा आहे, लांब आहे, गेल्या महिन्यातच मालकांनी तिला विचारलं होतं, आणि तिनं आज हो कळवलंय. एक तारखेपासून. सुट्टीला येत जाईन म्हणाली.

मी विचारलं, तिकडे आपली मंडळी आहे का? ती म्हणाली, असेल, बघितलं नाही. मग तिनं उरलेला पाव खाल्ला, ताटली धुतली, आणि माझी ताटली झाली का म्हणून विचारलं.